अर्धं तिकीट, पूर्ण पुस्तक

मे महिन्यात जळगावला जाऊन आलो असं ऑफिसात सांगितलं, की लोक आधी तुमच्याकडे काळजीने बघतात. "कोणी सक्ती केली होती का?" असंही विचारतात. बरोबरच आहे. सुटी टाकायची तर लोक महाबळेश्वर, कोकण, गेला बाजार लोणावळा गाठतात. सकाळी नऊ वाजताच डांबर चटके देतं त्या गावाला मुद्दाम कोण जातं? मी गेलो. कारण ताईचा फोन आला होता.

"तू आपल्यातला पुस्तकवाला ना? मग ह्याला सुटीत वाचायला लाव. शाळेने प्रगतीपुस्तकावर शेरा मारलाय, 'रीडिंग वीक'. आणि स्वारी दिवसभर मोबाइलवर!"

ही २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. स्वारी म्हणजे माझा भाचा, वय वर्षं दहा, पाचवी पास. बेत असा ठरला की मी पुण्याहून रात्रीच्या बसने जळगावला उतरायचं, भाच्याला उचलायचं आणि एसटीने धुळ्याला आईकडे न्यायचं. त्याच्या दृष्टीने मामाचं गाव, माझ्या दृष्टीने वीकएण्ड. पुढच्या आठवड्यात आखाजीला ताईही माहेरी येणारच होती.

खोका नावाची चूक

आता मी काय केलं ते ऐका, आणि तुम्हीही हेच करत असाल तर वेळीच थांबा. अप्पा बळवंत चौकात एक अख्खी संध्याकाळ घालवली. बक्षीस मिळालेली पुस्तकं, चकचकीत कागदाची पुस्तकं, पाठीवर 'वय ९ ते १२' छापलेली पुस्तकं. थोर शास्त्रज्ञ, थोर खेळाडू, जगातली सात आश्चर्यं. शिवाय माझ्या लहानपणीची लाडकी दोन-तीन. खोका भरला, छाती फुगली. आपण किती कूल मामा आहोत!

जळगावात ताईच्या हॉलमध्ये खोका उघडला. भाच्याने एकेक पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, खाली ठेवलं आणि म्हणाला, "छान आहेत." आपण ऑफिसात एखाद्याला "नक्की भेटू या एकदा" म्हणतो ना, अगदी तोच टोन!

मी एक पुस्तक उघडून त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं. दोन ओळी अडखळत वाचल्या, तिसरीवर थांबला. कान लाल. "मामा, माले वाचता येत नही," असं पुटपुटला आणि लगेच आईकडे बघून दुरुस्ती केली, "मला नीट वाचता येत नाही."

ती दुरुस्ती मला टोचली. कारण मी हेच केलंय. पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा कॅण्टीनमध्ये तोंडून एकदा 'माले' निघून गेलं आणि टेबल हसलं. त्या दिवसापासून अहिराणी फक्त आईच्या फोनपुरती उरली, तीही गॅलरीत जाऊन, हळू आवाजात. भाच्याचं नंतर बसमध्ये कळलं. वर्गात धडा वाचताना त्याच्या उच्चारांना पोरं हसली होती. तेव्हापासून मोठ्याने वाचायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. प्रगतीपुस्तकावर याचा शेरा नव्हता.

बसस्टॅण्डवरचा वाचक

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जळगावच्या बसस्टॅण्डवर. उन्हाने डोळे बारीक झालेले, निवडणुकीच्या प्रचारगाड्यांचे भोंगे चालू. आणि तिथे मला चमत्कार दिसला. समोर गाड्या लागत होत्या आणि हा पठ्ठ्या प्रत्येक पाटी गाडी थांबायच्या आत वाचत होता. चोपडा. यावल. पाचोरा. मुक्ताईनगर. "मामा, ती अमळनेर, पण एरंडोलवरून जाणारी. आपली धरणगाववरून जाणारी पाहिजे." मागे पुसट अक्षरात लिहिलेलं आगाराचं नावसुद्धा सोडत नव्हता.

बॉस, ज्याला वाचता येत नाही तो पोरगा चालती एसटी वाचत होता!

मुलांसाठी पुस्तक निवडायचं पहिलं सूत्र मला दुकानात नाही, फलाटावर सापडलं. मूल काय वाचत नाही हे बघू नका, ते आधीपासून काय वाचतंय ते बघा. कोणी क्रिकेटचे स्कोअर वाचतं, कोणी गेमच्या सूचना, कोणी बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर. धागा तिथूनच पकडायचा. माझ्या खोक्यात थोर माणसं होती, पण एकही गाडी नव्हती.

मग त्याच्या हातात दोनशे रुपये दिले आणि पुस्तकांच्या स्टॉलकडे बोट दाखवलं. अट एकच, मी मध्ये बोलणार नाही. त्याने काय घेतलं? एक चंपक, एक विनोदांचं पुस्तक आणि मुखपृष्ठावर सांगाडा असलेलं भुतांच्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक. माझ्या चेहऱ्यावर आठी आली असणार, कारण त्याने पुस्तकं पाठीमागे लपवली. मी आठी गिळली. तुम्हीही गिळा. पहिली निवड आपण नाकारली की दुसरी निवड मूल करतच नाही. ते आपल्यालाच विचारतं, "तू सांग." आणि ते वाचण्यासाठी नसतं, आपल्याला खूश करण्यासाठी असतं.

फ्रान्समध्ये डॅनिएल पेनाक नावाचे लेखक आहेत, पेशाने शिक्षक. त्यांनी १९९२ मध्ये एका पुस्तकात वाचकाचे चक्क दहा हक्क मांडले. पुस्तक अर्ध्यात सोडायचा हक्क, पानं गाळायचा हक्क, तेच पुन्हा वाचायचा हक्क, हवं ते वाचायचा हक्क. अगदी न वाचायचासुद्धा हक्क! आपण मोठी माणसं हे सगळे हक्क रोज बजावतो. विमानतळावर घेतलेलं मॅनेजमेंटचं पुस्तक आपल्यापैकी कितीजणांनी पूर्ण केलंय? मुलांनी मात्र शेवटचं पान गाठलंच पाहिजे!

पाच बोटं आणि एक विद्यापीठ

कंडक्टरने एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं. खिडकी अर्थातच भाच्याला. बस गावाबाहेर पडली, गिरणेच्या पुलावर आली. पात्रात वाळू जास्त, पाणी कमी. पूल ओलांडला की बांभोरी. तिथे रस्त्यालगत विद्यापीठाची पाटी. भाच्याने तीही वाचली, एका दमात: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ.

"ह्या खूप शिकलेल्या होत्या का?"

"नाही रे. लिहिता-वाचताच येत नव्हतं त्यांना."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी थापच मारतोय. मग मी सांगितलं. बहिणाबाई १८८० मध्ये इथून जवळच, आसोद्याला जन्मल्या. जात्यावर, शेतात काम करता करता आपल्या बोलीत गाणी रचायच्या. ती कागदावर उतरवली घरातल्यांनी. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ते बघायला बहिणाबाई नव्हत्या, १९५१ च्या डिसेंबरमध्येच त्या गेल्या. २०१८ मध्ये विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं.

"म्हणजे घरच्या भाषेत? शाळेच्या नाही?"

"घरच्या."

तो बराच वेळ बाहेर बघत बसला. मीही. जळगावकडची लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडची अहिराणी. इथल्या पोरांचे कान या बोलींवर तयार होतात आणि पुस्तकं मात्र बहुतेक पुण्या-मुंबईच्या मराठीत येतात. पोरगं इंग्रजी शाळेत असेल तर तिसरी भाषा डोक्यावर. अशा मुलाला एखादं पुस्तक अवघड गेलं, तर तो 'वीक' नसतो. तो एका वेळी दोन कामं करत असतो, वाचतो आणि मनातल्या मनात भाषांतरही करतो.

पाळधीच्या पुढे मी त्याला पाच बोटांचा खेळ शिकवला. जगभर शिक्षक आणि ग्रंथपाल तो वापरतात. पुस्तकाचं मधलंच कुठलंतरी पान उघडायचं आणि वाचायला लागायचं. न कळलेला शब्द आला की एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत मूठ बंद झाली, तर पुस्तक सध्या जड आहे. एकही बोट मिटलं नाही तर फारच सोपं. दोन-तीन बोटं मिटली तर बरोबर आपल्या मापाचं! माझ्या खोक्यातल्या शास्त्रज्ञाने पहिल्याच परिच्छेदात मूठ बंद केली. भुतांनी दोन बोटं घेतली. म्हणजे स्टॉलवर पोराने आपलं माप बिनचूक ओळखलं होतं आणि पाठीवरच्या 'वय ९ ते १२' वर विसंबून मी चुकलो होतो. वय छापणाऱ्याला आपलं मूल ठाऊक नसतं.

अर्थात जड पुस्तक म्हणजे वाईट पुस्तक नव्हे. ते आपण वाचून दाखवायचं. मुलाचं ऐकणं त्याच्या वाचण्याच्या बरंच पुढे असतं. मी खोक्यातून माझा जुना दोस्त काढला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, किडकिडीत, सायकलवर सुसाट सुटणारा. धरणगावपर्यंत मी वाचलं, बसच्या खडखडाटावर आवाज चढवून. धरणगाव बालकवींचं जन्मगाव हे सांगायचं होतं, पण भाचा म्हणाला, "ते नंतर. पुढे वाच." मागच्या सीटवरचे काका पण पुढे सरकून ऐकत होते.

अमळनेर : बेचाळीस रात्री

अमळनेरला उतरलो. ऊन रणरणतं. उसाचा रस, मग सावली शोधत प्रताप हायस्कूल. तीनच महिने आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, याच गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं होतं. त्याआधीचं इथलं संमेलन १९५२ चं. पण मी भाच्याला आणलं होतं ते साने गुरुजींसाठी.

गुरुजी इथे १९३० पर्यंत शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांबरोबर राहत होते. त्यांनी काय केलं माहितीये? मुलांसाठी छात्रालयाचं दैनिक काढलं. हाताने लिहिलेलं! आपण पुस्तकांच्या याद्या शोधतो, या माणसाने मुलांना जे वाचावंसं वाटेल ते स्वतः लिहून काढलं. मग १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले.

'श्यामची आई' पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. एक गोष्ट तुम्ही विसरला असाल. त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो. अशा बेचाळीस रात्री. भाच्याने बोटांवर हिशेब केला. आज ४ मे, शाळा १५ जूनला. "मामा, बरोबर बेचाळीस!"

खरं सांगतो, पुस्तकाची शिफारस यापेक्षा चांगली कोणीच केली नसती. थोर आहे म्हणून नाही, संस्कार होतात म्हणून नाही, तर सुटीत बरोबर बसतं म्हणून! मी मात्र लगेच खरेदी केली नाही. ते धुळ्याला आईच्या कपाटात होतं, माझंच, शाळेत मिळालेलं.

धुळे : ओट्यावरचं वाचन

संध्याकाळी धुळे. पांझरेचा पूल, आग्रा रोडची गर्दी आणि आमची गल्ली. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, हे पुण्यात कोणाला सांगितलं की त्यांना न्यूयॉर्क आठवतं.

या गावाला कागद जपायचं वेडच आहे. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत राहिले. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. इकडे शंकरराव देवांनी रामदासी मठांमधली हस्तलिखितं मिळवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. आणि धुळ्याचा तुरुंग! १९३२ मध्ये विनोबा तिथे दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घ्यायचे. त्यातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. म्हणजे खान्देशात पुस्तकं अशी जन्मली. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं.

आमच्या ओट्यावर त्या रात्री हेच उलट्या दिशेने झालं. जेवणं आटोपली होती, शेवभाजी तिखटजाळ. वीज गेलेली, म्हणून आई ओट्यावर येऊन बसलेली. तिची शाळा दुसरीत सुटली. आता तर डोळेही साथ देत नाहीत. भाचा टॉर्चच्या उजेडात भुतांचं पुस्तक चाळत होता. आईने विचारलं, "काय वाची ऱ्हायना रे?"

तो म्हणाला, "भूतनी गोष्ट."

"मंग सांग ना माले बी."

आणि पोरगं वाचायला लागलं. मोठ्याने नाही. एक वाक्य मनात वाचायचं आणि आजीला अहिराणीत सांगायचं. अडखळला तरी हसणारं कोणी नव्हतं. आजीला तर तोच एक वाचता येणारा माणूस! ती मध्येच "मंग? पुढे काय हुयनं?" म्हणायची आणि तो घाईघाईने पुढची ओळ गाठायचा. तिसऱ्या गोष्टीपर्यंत शेजारची दोन पोरं पण येऊन बसली.

मी अंधारात गप्प होतो. बरंच झालं अंधार होता. इतकी वर्षं मी जी भाषा गॅलरीत जाऊन बोलत होतो, तिच्यात हा पोरगा माझ्यासमोर चक्क पुस्तक वाचत होता. खोका आणला मी, पण त्याला वाचतं केलं ते आईने, स्वतः एक अक्षर न वाचता.

एस. आर. रंगनाथन या आपल्या भारतीय ग्रंथपालाने १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, ती जगभर शिकवतात. वाचकाची त्याच्या पुस्तकाशी गाठ घालून द्या आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून द्या, असं त्यातली दोन सूत्रं सांगतात. धुळ्यात मी मनातल्या मनात सहावं जोडलं, वाचकाला एक ऐकणारा पण द्या.

तुम्ही निघालात तर बॅगेत काय?

भाचे-पुतणे असलेल्या सगळ्या मामा, काका, मावश्या, आत्यांनो, ही माझी ठेच लागल्यावरची यादी. यादीच आहे, हुकूम नाही.

अगदी छोट्यांना (३ ते ६) मांडीवर घेऊन वाचायचं. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' घ्या. चित्रं मुलाला वाचू द्या, अक्षरं तुम्ही वाचा.

नुकतं वाचू लागलेल्यांना (७ ते ९) पातळ पुस्तकं द्या. एका बैठकीत संपलं की मूल स्वतःवरच खूश होतं. प्रथम बुक्सची पुस्तकं पायरीपायरीने लिहिलेली असतात, पहिली सर्वांत सोपी, चौथी सर्वांत अवघड. त्यांच्या स्टोरीवीव्हरवर मराठीतही भरपूर पुस्तकं फुकट आहेत. मोबाइल सुटतच नसेल, तर निदान त्यात गोष्ट असू दे! आणि पायरी शाळेच्या इयत्तेवरून नाही, पाच बोटांवरून ठरवा.

दहा-अकराच्या आसपास मुलांना हसायचं असतं आणि धावायचं असतं. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, अनिल हवालदारांनी मराठीत आणलेल्या 'देनिसच्या गोष्टी' आणि फास्टर फेणे तर आहेच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, जुने अंक इंटरनेटवर वाचता येतात. स्वतःच्या लहानपणीचा अंक काढून दाखवा, धमाल येते.

बारा-तेराच्या पुढे त्यांना मोठ्यांचं जग हवं असतं. सत्यजित राय यांचा फेलुदा, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, शान्ता शेळकेंनी अनुवादलेली 'चौघीजणी', वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. मुलींना 'चौघीजणी' आणि मुलांना फेलुदा अशी वाटणी मात्र करू नका. उलट करून बघा.

आणि सगळं विकत घ्यायची गरज नाही. जळगावात १८७७ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तुमच्या गावातही असेलच. मुलाच्या नावाने कार्ड काढा. नावडतं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करता येणं ही फार मोठी सोय आहे, मुलाचीही आणि तुमच्या खिशाचीही.

जाता जाता

रविवारी रात्री मी पुण्याची बस धरली. खोका धुळ्यातच ठेवला, उघडा, ओट्यालगतच्या खोलीत, हात पोचेल असा. कोणी काही वाचायला सांगायचं नाही, एवढंच ताईला बजावलं.

जूनमध्ये हिशेब कळला. फास्टर फेणे संपला. भुतांचं पुस्तक तीनदा. शास्त्रज्ञ अजून कोरा आहे, सात आश्चर्यं शेजारच्या पोराने नेली. 'श्यामची आई'च्या एकोणीस रात्री झाल्या, मग आखाजीचे झोके, आंबे आणि चुलत भावंडं यांनी बाजी मारली. शाळेत मोठ्याने वाचताना अजून अडखळतो, ताई म्हणते. पण आता थांबत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. मी ऑफिसातच होतो, रिलीजची गडबड, आजूबाजूला टीम बसलेली. "मामा, आजी इचारी ऱ्हायनी, उरलेल्या रात्री कोण वाचणार?"

मी उठलो नाही, गॅलरीत गेलो नाही. तिथेच बसून, नेहमीच्या आवाजात त्याला अहिराणीत सांगितलं की दिवाळीत येतो, आपण दोघं मिळून वाचू.

टेबलावर दोन माना वर झाल्या. हसलं कोणीच नाही. एकाने फोन ठेवल्यावर विचारलं, "कुठली रे ही भाषा? मस्त वाटते ऐकायला."